विन्स्लो होमर आणि नासाऊचं ऊन

विन्स्लो होमर हा अमेरिकन चित्रकार उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर पहिल्यांदा जलरंगांची पेटी उघडून बसला, तेव्हा तो ४८ वर्षांचा होता. आपल्या बॅचपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा. तोवर अमेरिकेत त्याचं नाव झालेलं होतं आणि तो ओळखला जायचा तो थंड, करड्या समुद्रासाठी. वादळात किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या कोळिणी, फुटलेल्या जहाजातून दोरावरून ओढून आणलेलं बेशुद्ध माणूस, असे त्याचे विषय. डिसेंबर १८८४ मध्ये तो बहामा बेटांवरच्या नासाऊ या गावी पोचला आणि पुढच्या दोनेक महिन्यांत त्याने तीसहून जास्त जलरंगचित्रं केली. ती पाहिली की हा तोच माणूस का, असा प्रश्न पडतो.

संपादक मंडळाने आपापल्या आवडीच्या एका व्यक्तीवर लिहायला सांगितलं. सॉफ्टवेअरवाली म्हणून माझ्याकडून एखाद्या संगणकाच्या जनकाची अपेक्षा असणार. पण दिवसभर तेच करते, निदान स्मरणिकेत तरी सुट्टी घेऊ द्या. शिवाय आपल्यापैकी कितीतरी जणांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या ग्रेड परीक्षा दिल्या आहेत आणि स्मरणचित्रात समुद्रकिनारा, दोन माड आणि मावळता सूर्य काढलेला आहे. होमरने आयुष्याच्या उत्तरार्धात किनारा आणि माडच रंगवले. मावळता सूर्य मात्र फारसा नाही. त्याला भर दुपारचं ऊन हवं असायचं.

त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १८३६ रोजी बोस्टनमध्ये झाला. तीन भावांतला तो मधला. आई हेन्रिएटा फुलांची जलरंगचित्रं काढायची, चांगली काढायची. होमरला मिळालेलं पहिलं शिक्षण तिचंच. वडील चार्ल्स हे लोखंडी सामानाचे व्यापारी, पण एका जागी चित्त न ठरणारे. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याच्या बातमीने अर्धी अमेरिका पश्चिमेला धावली, त्यात तेही गेले आणि हात हलवत परत आले. थोरल्या भावाला हार्वर्डला शिकायला मिळालं, तो पुढे रसायनतज्ज्ञ होऊन वार्निशच्या धंद्यात चांगला कमावता झाला. मधल्याला १९व्या वर्षी बोस्टनच्या बफर्ड नावाच्या शिळाछपाईवाल्याकडे उमेदवारीला लावलं.

शिळाछपाई म्हणजे गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड पाण्याने ओला करायचा आणि वर शाईचा रूळ फिरवायचा. तेलकट भागाला शाई धरते, ओल्या दगडाला धरत नाही. होमर तिथे गाण्यांच्या पुस्तिकांची मुखपृष्ठं काढत बसायचा. दोन वर्षं त्याने हे काम केलं आणि १८५७ मध्ये, २१ वर्षांचा होताच, तो तिथून बाहेर पडला. पुन्हा कोणाचीही नोकरी करायची नाही असं त्याने ठरवलं आणि उरलेली ५३ वर्षं ते पाळलं. (आपल्या ग्रुपवर दर सोमवारी सकाळी हा निश्चय करणारे किमान सहा जण आहेत. नावं छापत नाही.)

पोटासाठी तो साप्ताहिकांना चित्रं देऊ लागला. न्यूयॉर्कचं ‘हार्पर्स वीकली’ नुकतंच सुरू झालं होतं. तेव्हा फोटो छापता येत नसत. चित्रकाराचं चित्र लाकडी ठोकळ्यावर उतरवायचं, कोरणाऱ्यांनी ते कोरायचं आणि मग छापायचं. चित्र मोठं असेल तर ठोकळा लहान तुकडे जोडून केलेला असायचा. ते सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटायचे, सगळ्यांनी एकाच वेळी कोरायचं आणि पुन्हा बोल्टने जोडायचे. आमच्या धंद्यात अशा कामाच्या वाटणीला भारदस्त नावं आहेत, पण ते लोक हे दर आठवड्याला मुकाट्याने करत होते.

ही सगळी यांत्रिक माहिती मी मुद्दाम देते आहे. शिळाछपाई असो की लाकडी ठसा, पांढरा रंग असा नसतोच. दगडावर जिथे हात लावला नाही तिथे कागद पांढरा राहतो. लाकडावर जो भाग कोरून काढून टाकला तो पांढरा छापला जातो. कुठे काय करायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. विशीतल्या होमरच्या हाताला ही सवय लागली आणि पंचवीस वर्षांनी नासाऊच्या उन्हात ती उपयोगी पडली, असं मला वाटतं.

मधल्या काळात यादवी युद्ध झालं. १८६१ ते १८६५ या काळात ‘हार्पर्स’ने त्याला आघाडीवर पाठवलं. लढाईच्या धुमाळीपेक्षा त्याने छावणीतला कंटाळा, पत्रांची वाट, चुलीभोवती बसलेले शिपाई काढले. त्याचं पहिलं गाजलेलं चित्र झाडावर बसून दुर्बीण लावलेल्या बंदुकीने नेम धरणाऱ्या शिपायाचं आहे. पुढे अनेक वर्षांनी एका पत्रात त्याने लिहिलं, की त्या दुर्बिणीतून स्वतः पाहिलं तेव्हा हे युद्धापेक्षा खुनाच्या जास्त जवळचं वाटलं होतं. १८६६ मधल्या ‘प्रिझनर्स फ्रॉम द फ्रंट’ या तैलचित्राने तो पहिल्या रांगेत आला. पॅरिसला जाऊन आला. शाळेच्या मधल्या सुट्टीत अनवाणी पोरं एकमेकांचे हात धरून साखळी खेळत पळताहेत, ते ‘स्नॅप द व्हिप’ १८७२ चं. अमेरिकेत ते बालभारतीतल्या चित्रांइतकं ओळखीचं आहे.

जलरंगांकडे तो गंभीरपणे वळला १८७३ च्या उन्हाळ्यात, ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात. वय ३७. त्या काळी जलरंग हे घरंदाज बायकांच्या फावल्या वेळचं काम समजलं जायचं. चित्रकारांनी कच्च्या टिपणासाठी वापरायचं माध्यम, भिंतीवर लावायला तैलरंग. होमरने त्यात व्यवहार पाहिला. पेटी खिशात मावते, चित्र एका बैठकीत होतं, किंमत कमी असल्याने मध्यमवर्गीय माणूसही विकत घेऊ शकतो. शिवाय त्या वर्षी अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली होती. १८७५ पर्यंत त्याने साप्ताहिकांचं काम पूर्ण सोडलं. पण त्यात आईचाही वाटा असणार. जे माध्यम लोक बायकांचं म्हणून बाजूला ठेवत होते, ते त्याने घरात आईच्या हातात पाहिलं होतं. आपले हे कागदच पुढे आपल्याला तारतील, असं तो म्हातारपणी म्हणत असे.

१८८१-८२ ही जवळपास दोन वर्षं त्याने इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, कलरकोट्स नावाच्या कोळीवाड्यात काढली. तिथून परतला तो बदलूनच. न्यूयॉर्क सोडलं आणि १८८३ मध्ये मेन राज्यातल्या प्राउट्स नेक या खडकाळ भूशिरावर राहायला गेला. घरच्यांनी तिथे जमीन घेतली होती. गाड्या ठेवायची पागा दुरुस्त करून त्याचा स्टुडिओ झाला, समुद्राकडे तोंड करून मोठा सज्जा. बाकीचं कुटुंब उन्हाळ्यापुरतं यायचं, तो हिवाळ्यातही एकटा राहायचा. लग्न केलं नाही. भेटायला येणाऱ्यांना पळवून लावण्यासाठी इथे साप आणि उंदीर आहेत अशी पाटी त्याने रंगवली होती. ती पाटी अजून आहे.

१८८४ च्या एप्रिलमध्ये आई गेली आणि त्याच डिसेंबरात तो नासाऊला निघाला. कारण व्यावसायिक होतं. ‘सेंच्युरी’ मासिकाला, हिवाळ्यात पैसेवाल्या अमेरिकनांनी हवापालटासाठी कुठे जावं, यावर लेख छापायचा होता. त्यासाठी चित्रं हवी होती. म्हणजे आजच्या भाषेत पर्यटनाची जाहिरात.

आता इथे थोडं थांबते, कारण माझा सगळा जीव या दोन महिन्यांत आहे.

पहिली गोष्ट पाण्याच्या रंगाची. आपण कोकणात पाहतो तो समुद्र नद्यांच्या गाळामुळे हिरवट-तपकिरी असतो. बहामाभोवतीचा समुद्र मैलोन्‌मैल उथळ आहे, तळाला प्रवाळ-शंखांच्या चुन्याची पांढरी वाळू आणि गाळ आणणारी एकही मोठी नदी नाही. पाणी प्रकाशातला लाल भाग शोषून घेतं, उरलेला निळा-हिरवा पांढऱ्या तळावर आपटून वर येतो. म्हणून ते पाणी आतून दिवा लावल्यासारखं दिसतं. हे रंगवायचं कसं? तैलरंगात रंगामध्ये पांढरा मिसळून उजळपणा आणतात, पण त्याने आतून येणारा उजेड येत नाही. पारदर्शक जलरंगात मात्र तीच रचना कागदावर तयार होते. पांढरा कागद म्हणजे पांढरी वाळू, त्यावरचा पातळ निळा थर म्हणजे पाणी. प्रकाश रंगातून आत जातो, कागदावर आपटतो आणि रंग घेऊन परत येतो. होमरने पदार्थविज्ञान वाचलं होतं की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही. त्याच्या हाताला ते कळलं होतं.

दुसरी गोष्ट पांढऱ्या रंगाची. आपल्या चित्रकलेच्या सरांनी इंटरमीजिएटच्या तयारीच्या वेळी सगळ्यांच्या पेटीतली पांढरी ट्यूब काढून कपाटात ठेवली होती, आठवतंय? केवढी कुरकुर झाली होती वर्गात. लाटेचा फेस पांढरा हवा असेल तर कागद सोडा, असं सर म्हणायचे. सर, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, होमरची या काळातली चित्रं म्हणजे तुमच्या त्या एका वाक्याचं भाष्य आहे. शिडं, भिंती, वाळू, माणसाच्या ओल्या खांद्यावरची चकाकी, सगळं सोडलेल्या कागदाचं. आधी पेन्सिलच्या हलक्या रेषा, मग पांढरं राहणार त्याच्या कडेकडेने रंग. कुठे सुटलंच नाही तर रंग ओला असताना टिपून काढायचा. वाळला असेल तर चाकूच्या टोकाने खरवडून खालचा कागद उघडा करायचा. लाकूड कोरणाऱ्यांच्या संगतीत वाढलेल्या माणसाला चाकूची काय भीती!

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ज्यांच्यासाठी लेख होता ते पर्यटक त्याच्या चित्रांत फारसे नाहीतच. त्याने पाहिलं कामावरच्या माणसांकडे. बहामा ही ब्रिटिश वसाहत. तिथली गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली. १८८५ मध्ये होमरसमोर होती ती त्या गुलामांची मुलं-नातवंडं. समुद्रातून स्पंज काढणारे, शंखांसाठी बुडी मारणारे, कासवं धरणारे काळे लोक. ‘द काँक डायव्हर्स’ या चित्रात एक पाणबुड्या शंख घेऊन वर आला आहे आणि होडीवरचे सोबती वाकून बघताहेत. सगळ्यांचं लक्ष कामात, चित्रकाराकडे कोणाचं नाही. ‘शार्क फिशिंग’मध्ये लहानशा होडीत दोन माणसं आणि बाजूला गळाला लागलेला शार्क, जवळजवळ होडीएवढा. त्या काळच्या अमेरिकन मासिकांत काळ्या माणसाचं चित्र म्हणजे बहुधा जाड ओठांची विनोदी अर्कचित्रं. होमरच्या माणसांना स्नायू आहेत, वजन आहे, कौशल्य आहे. शीर्षकांत त्यांची नावं नाहीत, फक्त कामं आहेत, हेही खरं. तो हिवाळ्यापुरता आलेला गोरा पाहुणाच होता. पण पाहुण्यांतही फरक असतो.

लेख १८८७ मध्ये छापला गेला. मधल्या काळात तो क्युबाला जाऊन आला, फ्लोरिडात मासेमारीला गेला, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरात ट्राउट मासे आणि लाकूडतोडे रंगवले, मेनच्या खडकांवर आपटणाऱ्या लाटांची ती प्रचंड तैलचित्रं केली. मोठी कीर्ती त्याला त्यांनीच दिली. धुक्यात हरवलेल्या दोन कोळ्यांचं त्याचं १८८५ चं चित्र ११३ वर्षांनी बिल गेट्स यांनी सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरला घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमच्या क्षेत्रातल्या कोणीतरी त्याची पावती फाडली, एवढंच समाधान.

वडील ऑगस्ट १८९८ मध्ये वारले. शेवटच्या वर्षांत होमरनेच त्यांचं पाहिलं होतं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात, चौदा वर्षांनी, तो पुन्हा नासाऊला गेला. आई गेल्यावर एकदा, वडील गेल्यावर एकदा. यावर त्याने काही लिहून ठेवलेलं नाही, आणि मीही जास्त अर्थ काढत नाही. पण मागच्या काही वर्षांत आपल्यापैकी किती जणांनी आईवडिलांचं शेवटचं दुखणं काढलं आहे हे आपल्याला माहीत आहे. घर एकदम रिकामं होतं तेव्हा माणूस उजेड असलेल्या ठिकाणी जातो, एवढं मला समजू शकतं.

६२ वर्षांचा हा माणूस या खेपेला पहिल्यापेक्षा मोकळा रंगवतो. ‘पाम ट्री, नासाऊ’मध्ये एक उभा माड, वाऱ्याने झावळ्या एका अंगाला फेकलेल्या, मागे दीपगृह आणि वादळाची सूचना देणारा लाल बावटा. झावळ्या म्हणजे चार-पाच प्रकारच्या हिरव्याचे ओले फटकारे, पण एकही फटकारा उगाच नाही. ‘हरिकेन, बहामाज’मध्ये माड वाकलेले आणि आभाळाचा करडा रंग कागदावर ओलाच पसरू दिलेला. ‘द टर्टल पाउंड’मध्ये लाकडी कुंपणाने समुद्राचाच एक कोपरा बंद केलेला आहे. पकडलेली कासवं विकली जाईपर्यंत त्यात जिवंत ठेवायची. एकजण पाण्यातून कासव वर उचलून देतो आहे, दुसरा आतून हात पुढे करतो आहे. बाकी नुसतं ऊन आणि पाणी.

आणि ‘अ वॉल, नासाऊ’. वरवर पाहिलं तर पर्यटन खात्याच्या कॅलेंडरवर शोभेल असं चित्र. उन्हात तळपणारी चुनखडीची भिंत, पलीकडे बागेतली लालभडक पॉइन्सेटिया, निळ्या समुद्राची पट्टी. भिंतीचा बहुतेक भाग म्हणजे जवळजवळ कोरा कागद. मग लक्षात येतं, भिंतीच्या माथ्यावर फुटक्या बाटल्यांच्या काचा बसवल्या आहेत. आपल्याकडच्या बंगल्यांच्या कंपाउंडला असतात तशाच. फुलं आतल्यांची, काचा बाहेरच्यांसाठी. होमरने काचा मोठ्या केल्या नाहीत, कोणाचा रक्ताळलेला हातही दाखवला नाही. ऊन जितक्या तटस्थपणे फुलांवर पडतं तितक्याच तटस्थपणे काचांवर. तो मनात आणता तर काचा गाळू शकला असता. हॉटेलात टांगायला चित्र जास्त खपलं असतं.

त्याच्या या प्रवासांतून निघालेलं सगळ्यात प्रसिद्ध चित्र मात्र तैलरंगातलं आहे, ‘द गल्फ स्ट्रीम’, १८९९. डोलकाठी मोडलेली, सुकाणू गेलेली एक होडी, तीवर रेलून पडलेला एकटा काळा खलाशी, भोवती शार्क, क्षितिजावर पाण्याचा उंच भोवरा. कामाच्या निमित्ताने न्यूयॉर्कला गेले असताना मी ते पाहिलं तेव्हा शार्कांच्या आधी माझं लक्ष गेलं ते उसाकडे. होडीत उसाची कांडकी पडली आहेत. त्या माणसाकडे खायला तेवढंच. आपल्याला ऊस म्हणजे कारखाना, गुऱ्हाळ, एफआरपीची आंदोलनं. कॅरिबियन समुद्रात ऊस म्हणजे गुलामांची जहाजं. साखरेसाठीच माणसं आफ्रिकेतून धरून आणली गेली, आणि गुलामगिरी संपल्यावर कलकत्ता-मद्रासच्या बंदरांतून करारावर मजूर नेले गेले, तेही उसाच्याच मळ्यांवर. होमरने हे काहीही लिहून सांगितलं नाही. कांडकी ठेवली आणि गप्प बसला.

चित्र पाहून लोक अस्वस्थ झाले. काही बायकांनी विक्रेत्याकडे विचारणा केली, की त्या माणसाचं पुढे काय होतं. होमरने विक्रेत्याला वैतागून उत्तर पाठवलं. मतितार्थ असा, की विषय चित्राच्या नावातच आहे, मी हा प्रवाह दहा वेळा ओलांडला आहे, आणि त्या बायकांना सांगा की तो माणूस वाचेल, घरी जाईल आणि सुखाने नांदेल. तिरकसपणा उघड आहे. पण पहिल्या प्रदर्शनानंतर त्याने चित्रात बदल केले हेही खरं. दूर क्षितिजावर एक पुसट जहाज घातलं. ते होडीकडे येतं आहे की निघून चाललं आहे, हे कळत नाही. खलाशी तर त्याच्याकडे पाठ करूनच आहे. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमीच्या प्रदर्शनात परीक्षकांनी एकत्र सही करून मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला ते चित्र घेण्याची विनंती केली आणि संग्रहालयाने ते घेतलं. पुढे कृष्णवर्णीय विचारवंत अ‍ॅलन लॉक यांनी या चित्राला अमेरिकन कलेतलं एक वळण मानलं.

बर्म्युडा, की वेस्ट, फ्लोरिडातलं होमोसासा, असे हिवाळे गेले. १९०३ मध्ये की वेस्टला काढलेल्या मासेमारी होड्यांच्या चित्रात तर पांढऱ्या नावांचा बराचसा भाग नुसता कागद आहे, खाली दोन-चार सावल्या. शेवटचं जलरंगचित्र १९०५ चं. १९०८ मध्ये त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. तोही बराचसा पचवला आणि १९०९ मध्ये पुन्हा तैलरंगात एक मोठं चित्र केलं. त्याच सुमारास विल्यम हाउ डाउन्स या समीक्षकाने चरित्रासाठी माहिती मागितली. होमरने सभ्यपणे नकार दिला. असं पुस्तक आलं तर तेच मला मारेल, आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात रंजक भाग लोकांच्या कामाचा नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. डाउन्सने पुस्तक काढलं ते १९११ मध्ये. होमर २९ सप्टेंबर १९१० रोजी प्राउट्स नेकच्या त्या स्टुडिओतच गेला, वय ७४. अस्थी केंब्रिजच्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत आईवडिलांजवळ आहेत.

त्याच वर्षी मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्याची बारा जलरंगचित्रं विकत घेतली. विकत देण्यासाठी त्याने स्वतः बाजूला काढलेल्या कागदांत नासाऊचे बरेच होते. भिंत, माड, वादळ, होडी.

जलरंगाची एक अडचण आहे. तो उजेडातूनच जन्मतो आणि उजेडानेच मरतो. त्या काळचे काही लाल रंग कच्चे असत. होमरच्या १८८७ च्या ‘फॉर टु बी अ फार्मर्स बॉय’ या चित्रातलं आभाळ आज जवळजवळ कोरं दिसतं. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या तज्ज्ञांनी चौकटीखाली झाकून राहिलेले रंगाचे सूक्ष्म कण तपासले, तेव्हा तिथे एकेकाळी लाल-नारिंगी संध्याकाळ होती असं दिसून आलं. मग त्यांनी संगणकावर ते आभाळ पुन्हा रंगवून पाहिलं. संगणकाचा इतका चांगला उपयोग मी माझ्या नोकरीत फार कमी वेळा पाहिला आहे.

म्हणून संग्रहालयं असे कागद अंधारात, कपाटबंद ठेवतात. थोड्या महिन्यांपुरते बाहेर काढतात, मंद दिव्यात लावतात आणि पुन्हा ठेवून देतात. आपल्यापैकी जे न्यू जर्सीत राहतात त्यांच्यासाठी खास सूचना. ‘गल्फ स्ट्रीम’ तैलरंगातलं असल्याने ते बहुतेक वेळा भिंतीवर असतं. नासाऊची भिंत बघायची असेल तर जाण्याआधी मेट्रोपॉलिटनमध्ये चौकशी करून जा. ती बाहेर असली तर मला कळवा.